पत्रा चेपला की चेसी वाकली?

फुटलेल्या टायरचं कुठलंतरी विमान दाखवणारा एक मेसेज कोल्हापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय: ‘उजळाईवाडीहून उडणाऱ्यांनो, वाचा! विमानाला ओरखडा आला तरी कायद्याने तो अपघात. पक्षी धडकला, इंजिन बिघडलं की कंपन्या “घटना” म्हणून दाबतात. कुणी जखमी नसेल तर कळवतच नाहीत, नियमच तसा आहे.’ पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य एकमेकांच्याच उरावर बसलंय, ते लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेलं नाही.

आधी ओरखडा. विमान अपघात तपासाची आपली 2017 ची नियमावली आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक कराराच्या परिशिष्ट 13 मधल्या व्याख्येवर चालते. नुकसानीने विमानाची मजबुती, कामगिरी किंवा उडण्याची ढब बिघडली आणि मोठी दुरुस्ती किंवा तो भाग बदलणं भाग पडलं, तर अपघात. उद्यमनगरातला मिस्त्री गाडी बघून हेच विचारतो: नुसता पत्रा चेपलाय, का चेसी वाकलीय? विमान दुरुस्तीच्या हँगरमध्ये आम्ही खळग्यावर पट्टी आडवी धरतो, गेजने खोली घेतो, मग आतली फ्रेम, म्हणजे सांगाड्याची कडी, कुठून जाते ते शोधतो. दोन फ्रेमांमधला तळहाताएवढा खळगा कधी नुसता नोंदवून सुटतो. फ्रेमवर बसलेला नखाएवढा खळगा मात्र घाम फोडतो.

पक्षी आणि इंजिन. नुकसान एकाच इंजिनापुरतं असेल, किंवा पंखा (प्रोपेलर), टायर, ब्रेक, काच, पंखाचं टोक एवढ्यावर भागलं असेल, तर व्याख्याच ते वगळते. पक्ष्याने नाकाडावर पाडलेलं भोकही. मात्र इंजिनाचा तुकडा उडून पंखात घुसला की ही सूट गेली. आणि ‘घटना’ म्हणजे दाबलेलं प्रकरण नव्हे. ती डीजीसीएला, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, कळवावीच लागते.

राहिली जखमींची गोष्ट. कुणाला खरचटलंही नसलं, पण सांगाडा मोडला, तर अपघातच. उलटही होतं. 16 डिसेंबर 2015 ला मुंबईत चालू इंजिनाने एका तंत्रज्ञाला ओढून घेतलं. विमान जमिनीवरच होतं, तरी तो अपघातच. अपघात झाला की 24 तासांच्या आत अपघात तपास विभागाला आणि डीजीसीएला कळवायचं, शिवाय जिल्हाधिकारी आणि जवळचं पोलीस ठाणं.

गंमत म्हणजे, रात्री रिकाम्या उभ्या विमानाला बॅगांचा ट्रॅक्टर धडकून पंख मोडला, तर या व्याख्येत तो अपघात बसत नाही. उड्डाणासाठी कुणीतरी चढलेलं असावं लागतं.

मेसेजमधला फोटो? टायर त्या वगळलेल्या यादीत नावानिशी आहे.