प्लेटलेटकडेही बघा
साध्या रक्ततपासण्यांवरून सिरोसिसचा, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होण्याचा, अंदाज बांधता येतो, हे लेखातलं म्हणणं पटलं. एक गोष्ट मात्र निसटली. एसजीपीटी हे यकृताचं एन्झाइम नॉर्मल आलं की लोक निर्धास्त होतात, पण सिरोसिसमध्येही ते नॉर्मल असू शकतं! त्यापेक्षा वर्षानुवर्षं हळूहळू उतरत गेलेल्या प्लेटलेट जास्त बोलक्या. यकृत कडक झालं की प्लीहा फुगते आणि प्लेटलेट तिथेच अडकून पडतात. एफआयबी-४ हा यकृतातल्या फायब्रोसिसचा (व्रण साठण्याचा) अंदाज देणारा आकडा काढायला वय, एसजीओटी (आणखी एक एन्झाइम), एसजीपीटी आणि प्लेटलेट एवढंच लागतं. आकडा १.३ च्या खाली असेल तर गंभीर फायब्रोसिसची शक्यता कमी. वर गेला तर डॉक्टरांना फायब्रोस्कॅनबद्दल, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीबद्दल, विचारावं. फक्त ६५ वर्षांवरच्यांसाठी ही मर्यादा २ धरतात, नाहीतर नुसत्या वयानेच आकडा फुगतो.