पीसीआर १.४ होता, तरी निफ्टी पडला कसा?

गेल्या लेखात ऑप्शन चेन, म्हणजे ऑप्शनच्या सौद्यांचा तक्ता, कसा वाचायचा हे सांगताना मी लिहिलं होतं: पीसीआर (पुट-कॉल रेशो, म्हणजे उभ्या पुट सौद्यांना कॉल सौद्यांनी भागून येणारा आकडा) १.२ च्या वर असेल तर तेजी. पुट म्हणजे ठरलेल्या भावाला विकायचा हक्क, कॉल म्हणजे विकत घ्यायचा. त्यावर अमळनेरच्या वाचकभाऊंनी दोन आक्षेप घेतले आहेत. पहिला: "पुट म्हणजे मंदीचा सौदा. मग पुट जास्त तर तेजी, हे काय गणित भो?" दुसरा: "सोमवारी पीसीआर १.४ होता, तुमच्या हिशोबाने तेजी. मंगळवारी बाजार आपटला. ऑप्शन चेन म्हणजे पोपटाने काढलेली चिठ्ठी."

भाऊ, दुसऱ्या आक्षेपात चूक माझ्या लेखाची आहे. पण आधी पहिला.

आपल्याकडचा कापूसच घ्या. समजा भाव ७,००० आहे आणि व्यापारी शेतकऱ्याला म्हणाला, "क्विंटलमागे १०० रुपये आत्ता दे, महिनाभरात भाव कितीही पडू दे, मी ६,८०० ने उचलीन." हा व्यापारी म्हणजे पुट रायटर, पुट विकणारा. ६,८०० हा स्ट्राइक, म्हणजे ठरलेला भाव, आणि ते १०० रुपये म्हणजे प्रीमियम. भाव कोसळायची धास्ती असती तर त्याने असा शब्द दिला असता का? म्हणून पुटचा ओपन इंटरेस्ट (ओआय, म्हणजे अजून न मिटलेले सौदे) वाढला की त्या भावाला आधार आहे असं वाचतात. शेतकरीही मंदीवाला असेलच असं नाही. घरात कापूस पडलाय, त्याचा तो विमा घेतोय.

अडचण अशी की सौदा दोघांचा असतो आणि ओआयचा आकडा एकच दिसतो. घाई कोणाला आहे, ते त्या १०० रुपयांवरून कळतं. सौदे वाढताना रक्कम ८० वर आली तर व्यापारी शब्द द्यायला उतावीळ आहेत. १५० झाली तर शेतकरी घाबरलेत. चेनमध्ये हे आयव्हीच्या (इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, म्हणजे प्रीमियममधून दिसणारा चढउताराचा अंदाज) रकान्यात पाहायचं. नुसता प्रीमियम पाहून चालत नाही, कारण निफ्टी हलला की तोही हलतो. पुटचा ओआय चढतोय आणि आयव्ही उतरतोय, तर रायटिंग. दोन्ही चढतायत, तर खरेदी. स्प्रेडवाले (एक ऑप्शन घेऊन दुसरा विकणारे) यातही गोंधळ घालतात, त्यामुळे ठोकताळा म्हणूनच वापरा.

आता तुमचा सोमवार. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी (सौद्यांची मुदत संपण्याचा दिवस) मंगळवारी असते, म्हणजे सोमवार हा आदला दिवस. ऑप्शन विकणारे मार्जिन (ठेवावी लागणारी अनामत) कमी लागावं म्हणून दोन-तीन रुपयांचे लांबचे, चालू भावापासून खूप खालच्या स्ट्राइकचे, पुट उचलतात. त्यात बाजाराबद्दल मत काहीच नसतं, पण पीसीआरमध्ये ते मोजले जातात. समजा एकूण पुट १,४०,००० आणि कॉल १,००,०००, पीसीआर १.४. लांबच्या स्ट्राइकवरचे ५५,००० पुट आणि १५,००० कॉल काढले की दोन्हीकडे ८५,००० उरतात. पीसीआर १! तेजीबिजी काही नव्हती.

म्हणून निफ्टीच्या भावाच्या वर-खाली दहा-दहा स्ट्राइकच धरा, म्हणजे ५० च्या अंतराने ५०० अंक. बुधवारी नव्या आठवड्याच्या सिरीजमध्ये (त्या मुदतीच्या सौद्यांत) ओआय तुटपुंजा असतो, तेव्हा मासिक सिरीजही शेजारी ठेवा. चेंज इन ओआय आदल्या दिवसाच्या तुलनेत असतो. सकाळच्या पहिल्या अर्ध्या तासात त्यावर विसंबू नका. "१.२ च्या वर तेजी" हे वाक्य मी लेखातून काढलं आहे.

आणि आधार म्हणजे भिंत नव्हे. ३ जून २०२४ ला निफ्टी ३.२५ टक्के चढून २३,२६३.९० वर बंद झाला. ४ जूनला, लोकसभा निकालाच्या दिवशी, ५.९३ टक्के पडून २१,८८४.५०. अशा पडझडीत स्ट्राइक तुटला की रायटर पुट परत घ्यायला धावतात, कुणी फ्यूचर (पुढच्या तारखेचा सौदा) विकून तोटा अडवतो. काल ज्यांनी आधार दिला होता, तेच आज खाली ढकलतात.

शेअरच्या ऑप्शनबद्दलही तुम्ही विचारलंय. तिथे हे सगळं अर्ध्या विश्वासाने घ्या. ऑक्टोबर २०१९ पासून सर्व शेअर डेरिव्हेटिव्हची (फ्यूचर-ऑप्शनची) सेटलमेंट प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन होते, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात डिलिव्हरी मार्जिन टाळायला लोक सौदे कापतात. तेव्हा घटलेल्या ओआयचा मूडशी संबंध जोडायचा नाही.