कोंबडीचं भांडण, ट्रकला दंड

अमेरिका-युरोप टॅरिफची बातमी आली की 'नाटोचा बाजार उठला' म्हणणारे लगेच हजर होतात. मला नाही पटत. हे दोस्त मालावरून पूर्वीपासून भांडत आलेत, अगदी कोंबडीवरूनसुद्धा.

1962 साली युरोपच्या सामाईक बाजाराने (आजच्या युरोपीय संघाचं जुनं रूप) आयात कोंबडीवरचा कर चढवला. अमेरिकेचं स्वस्त गोठवलेलं चिकन पश्चिम जर्मनीत धडाधड खपत होतं, ते अडलं. बर्लिनची भिंत नुकती उभी राहिलेली, अमेरिकन फौजा जर्मनीत तळ ठोकून, आणि अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याचे सिनेटर फुलब्राइट नाटोच्या अण्वस्त्रांवरच्या चर्चेत मध्येच कोंबड्यांचं गाऱ्हाणं मांडतायत! (आर्कान्सात पोल्ट्री मोठी, मतदार सांभाळायला नकोत?)

प्रकरण 'गॅट'कडे, म्हणजे जागतिक व्यापाराचे नियम ठरवणाऱ्या कराराकडे गेलं. तिथल्या समितीने नुकसान मोजलं, 2 कोटी 60 लाख डॉलर. त्याच्या वसुलीसाठी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी डिसेंबर 1963 मध्ये ब्रँडी, बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन (स्टार्चपासून बनणारा चिकट पदार्थ) आणि हलक्या ट्रकांवर शुल्क लावलं. ट्रकवर 25 टक्के, कारण जर्मनीच्या फोक्सवॅगनला चिमटा काढायचा होता. बाकीची शुल्कं पुढे रद्द झाली. ट्रकचं राहिलं, कारण डेट्रॉइटच्या मोटार कंपन्यांना त्याची सवय झाली. गंमत म्हणजे तुर्कस्तानातून व्हॅन आणताना खुद्द फोर्डलाच ते नडलं. ट्रकचं शुल्क चुकवायला मागच्या सीट लावून व्हॅन 'प्रवासी गाडी' म्हणून उतरवायच्या, मग सीट काढून टाकायच्या. 2024 मध्ये 36.5 कोटी डॉलर भरून फोर्डने ते प्रकरण मिटवलं.

म्हणून मला मैत्रीची नाही, शुल्काची काळजी वाटते. जुलै 2025 मध्ये स्कॉटलंडमधल्या टर्नबेरीला, ट्रम्प यांच्याच गोल्फ रिसॉर्टवर, युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांनी बहुतेक युरोपीय मालावर 15 टक्के मान्य केले, वर 750 अब्ज डॉलरची ऊर्जा खरेदी कबूल केली. पोलादाचे 50 टक्के तसेच राहिले. फ्रान्सचे तेव्हाचे पंतप्रधान बायरू यांनी त्याला काळा दिवस म्हटलं. पण करणार काय? युक्रेनसाठी शस्त्रं अमेरिकेचीच हवीत. कोंबडीच्या वेळी निदान तिसऱ्याने बसून आकडा काढला होता. इथे ज्याच्या अंगणात बैठक, त्याचाच तराजू.

आणि पुढचा अध्यक्ष हे सगळं काढून टाकेल, या भरवशावर युरोपने राहू नये. ट्रम्प यांनी 2018 मध्ये पोलादावर लावलेलं शुल्क बायडेन यांनीही सरसकट उठवलं नव्हतं. युरोपला कोटा ठरवून दिला, त्यावरच्या मालाला शुल्क चालूच.