"रिव्ह्यू म्हणजे जुन्या अभ्यासांची खिचडी" हा मेसेज पुढे पाठवण्याआधी एवढं वाचा

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय, मला तीन ग्रुपवर आला आणि परवा तर सीपॅपवरच्या (नाकातून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारं मशीन) एका बाळाच्या बाबांनीच मोबाईल पुढे केला, "सिस्टर, हे खरंय का हो?" मेसेजचं म्हणणं असं की कमी दिवसांच्या बाळांच्या श्वासाच्या उपचारांवर जे सिस्टिमॅटिक रिव्ह्यू निघतात ते म्हणजे जुन्या अभ्यासांची खिचडी, दर काही वर्षांनी मत फिरवतात, बाळं सगळी परदेशातली, त्यात बोगस अभ्यास घुसलेले, त्यापेक्षा अनुभवी डॉक्टरांची नजर खरी. मी पुण्यात अकरा वर्षं एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, ड्यूटी करतीये, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

आधी खिचडीचं. रिव्ह्यूत प्रश्न आधी ठरवतात, मग त्यावरचे सगळे अभ्यास शोधतात, आपल्या मताविरुद्ध गेलेले सुद्धा, आणि प्रत्येक अभ्यास कसा केला होता ते तपासतात. हे नाही केलं तर काय होतं ते असे रिव्ह्यू काढणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या लोगोतच आहे. त्यातल्या आडव्या रेघा म्हणजे लवकर बाळंत होणाऱ्या आईला, बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून, स्टिरॉइडचं इंजेक्शन देण्याचे सात अभ्यास. पहिला अभ्यास लिगिन्स आणि हाउवी यांचा, न्यूझीलंडमधला, 1972 चा. पुढच्या दहाएक वर्षांत बाळं वाचतात हे दाखवण्याइतकी माहिती जमली होती, पण सुटी सुटी पडलेली, एकत्र मांडलेला रिव्ह्यू यायला 1989 उजाडलं आणि तोवर बहुतेक डॉक्टर ते इंजेक्शन देतच नव्हते. मधल्या वर्षांत किती बाळं गेली असतील याचा विचार केला की माझ्या पोटात कालवतं.

"मत फिरवतात". हो, फिरवतात, आणि मला तेच पटतं. पूर्वी रिव्ह्यू सांगायचा की फार लहान बाळांना जन्मल्याबरोबर नळी घालून सर्फॅक्टंट (फुप्फुसं उघडी ठेवणारं औषध) द्या, वाट बघू नका. मग सीपॅप सगळीकडे आला, नवे मोठे अभ्यास झाले, आणि 2012 च्या रिव्ह्यूत उलटं निघालं, आधी सीपॅप लावा, गरज पडली तरच सर्फॅक्टंट. आता यात आधीचे लोक खोटं बोलले का? नाही ना, जुने अभ्यास झाले तेव्हा सीपॅप असा सर्रास लावत नव्हते, उपचार बदलले म्हणून उत्तर बदललं.

परदेशी बाळांचा मुद्दा मात्र मी झटकणार नाही, त्यात तथ्य आहे. 2015 ला सहा देशांतला एक प्रचंड अभ्यास आला, आपलं नागपूर आणि शेजारचं बेळगाव त्यात होतं. गावपातळीपर्यंत तेच स्टिरॉइड पोचवलं, आणि फायदा तर दिसला नाहीच, उलट एकूण नवजात मृत्यू थोडे वाढले. गरोदरपणाचे दिवस नक्की माहीत नसल्याने पूर्ण दिवसांच्या बाळांच्या आयांनाही इंजेक्शन गेलं होतं. सगळे हादरले. मग डब्ल्यूएचओने भारतासकट पाच देशांत 29 हॉस्पिटलांत, सोनोग्राफीने दिवस मोजून आणि बाळाची सोय असेल तिथेच, पुन्हा अभ्यास केला. 2020 चा निकाल: इंजेक्शन मिळालेल्या गटात 19.6 टक्के बाळं गेली, न मिळालेल्यात 23.5 टक्के. म्हणजे बाळ कुठल्या देशाचं यापेक्षा दिवस बरोबर मोजलेत का आणि पुढे एनआयसीयू आहे का, हे जास्त महत्त्वाचं.

बोगस अभ्यास असतात, खरंय, पण ते पकडतं कोण? याच स्टिरॉइडच्या रिव्ह्यूत 2017 ला 30 अभ्यास होते, 2020 ला चाळणी कडक केली, काही काढले, नवे घेतले, 27 राहिले आणि निष्कर्ष टिकला. जिथे अभ्यास छोटे आणि मोजकेच असतात तिथे रिव्ह्यूही फसतो हेही सांगते, इनोसिटॉल या कमी दिवसांच्या बाळांना देऊन पाहिलेल्या पोषकद्रव्याचं तसंच झालं, रिव्ह्यू आशादायक होता आणि मोठ्या अभ्यासात मृत्यू जास्त दिसले म्हणून तो मधेच थांबवावा लागला. म्हणून किती बाळं, किती खात्री हे वाचायचं, नुसता शेवटचा निष्कर्ष नाही.

आणि अनुभवी नजर. आमच्या सरांची नजर मी रोज बघते, बाळाचा रंग बघून सांगतात, त्याला तोड नाही. पण सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, 85 ते 89 टक्के ठेवायचं की 91 ते 95, हे नजरेने कसं कळणार? जगभरातले पाच अभ्यास, 28 आठवड्यांच्या आत जन्मलेली 4,965 बाळं, एकेकट्या अभ्यासांचे निकाल एकमेकांशी जुळेनात. सगळी आकडेवारी एकत्र केल्यावर दिसलं, कमी सॅच्युरेशनच्या गटात 19.9 टक्के मृत्यू, जास्तच्या गटात 17.1, आणि जास्तच्या गटात डोळ्याच्या पडद्याचा त्रास मात्र जास्त. शंभरात तीन बाळांचा फरक कुठल्याही एका वॉर्डात, कितीही वर्षं काढली तरी, कुणाला दिसणार नाही हो.

त्या बाबांना मी मॉनिटरपाशी नेलं. बाळाला ऑक्सिजन सुरू होता आणि 97 चा अलार्म वाजत होता, ते म्हणाले, "97 म्हणजे चांगलंच ना, 100 का नाही करत?" मी ऑक्सिजन थोडा कमी केला, आकडा 94 वर आला, अलार्म थांबला, आणि मग डोळ्याच्या पडद्यापासून सुरुवात करून त्यांना सगळं समजावत बसले.