नुसता प्लॅन वाढवून आतल्या खोलीत वाय-फाय पोहोचत नसते

‘घरचे इंटरनेट: कंपन्या लपवतात त्या पाच गोष्टी’ असा एक संदेश सध्या नातेवाइकांच्या गटांतून फिरतो आहे. एरवी त्याकडे दुर्लक्ष केले असते; पण तो वाचून डोंबिवलीच्या मावशीने ३०० एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) वेगाच्या प्लॅनचे वर्षभराचे पैसे आगाऊ भरले आणि तिच्या आतल्या खोलीतला व्हिडिओ कॉल अजूनही पूर्वीसारखाच अडखळतो, हे कळल्यावर उत्तर देणे भाग पडले.

संदेशाचा पहिला मुद्दा असा: ‘आत वाय-फाय येत नसेल तर प्लॅन लहान आहे, ३००च्या खाली घेऊच नका.’ प्लॅनचा वेग म्हणजे फायबरवरून राउटरपर्यंत येणारा वेग. तिथून पुढचा प्रवास रेडिओ लहरींचा असतो आणि वाटेत विटांच्या दोन भिंती, आरसीसीचा खांब किंवा लोखंडी कपाट आले की त्या क्षीण होतात. आपण महिन्याला किती पैसे भरतो याच्याशी त्यांना काही देणेघेणे नसते. मुळात एवढा वेग लागतो तरी कशाला? नेटफ्लिक्स स्वतःच फुल एचडीसाठी ५ आणि ४केसाठी १५ एमबीपीएसची शिफारस करते. म्हणजे तीन टीव्हींवर एकाच वेळी ४के पाहणारे हौशी कुटुंबही ५०च्या आत भागवू शकते. शिवाय अनेक स्वस्त राउटरांचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात, त्यामुळे ३००चे पैसे भरूनही प्रत्यक्षात ९५च्या आसपासच वेग मिळतो.

म्हणून प्लॅन बदलण्यापूर्वी लॅपटॉप केबलने राउटरला जोडून वेग मोजावा. तिथे तो पुरेसा असेल आणि आत गेल्यावर पडत असेल, तर दोष लाइनचा नसून राउटरच्या जागेचा आहे. जोडणी करणारा माणूस स्वतःच्या सोयीने राउटर दाराजवळच ठोकून जातो; फायबर आणखी काही मीटर आत आणून राउटर घराच्या मध्यावर बसवायला त्याला त्याच वेळी सांगावे. तेवढ्यावर भागले नाही, तर राउटरपासून लॅन केबल टाकून आत दुसरा अॅक्सेस पॉइंट, म्हणजे तिथूनच वाय-फाय पसरवणारे उपकरण, लावावे. सॉकेटमध्ये खोचायचे स्वस्त एक्स्टेंडर मी सुचवणार नाही, कारण एकाच रेडिओवर घेणे आणि पुढे पाठवणे ही दोन्ही कामे करताना त्यांचा वेग जवळपास निम्मा होतो, आणि लोक ते नेमके जिथे सिग्नल पोहोचतच नाही त्याच खोलीत लावतात.

‘राउटरमागे अॅल्युमिनियम फॉइल लावा, वेग दुप्पट होईल.’ यात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. अमेरिकेतील डार्टमाउथ कॉलेजच्या संशोधकांनी २०१७ मध्ये खोल्यांच्या रचनेनुसार संगणकाने आकार बेतलेले धातूचे परावर्तक वापरून वाय-फायचा सिग्नल हव्या त्या बाजूला वाढवून आणि नको तिथे कमी करून दाखवला होता. परंतु एका बाजूला वाढणारा सिग्नल दुसऱ्या बाजूचा कमी होऊनच वाढतो, लाइनचा वेग त्याने तसूभरही बदलत नाही, आणि पोळ्या गुंडाळून उरलेल्या फॉइलला कोणी आकार बेतून दिलेला नसतो.

राउटर वाय-फायसाठी २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन लहरींचे पट्टे वापरतो; त्यातला २.४चा ‘जुनाट’ म्हणून बंद करण्याचा संदेशातला सल्ला तर ऐकूच नये. इमारतीत त्या पट्ट्यावर गर्दी असते, हे खरे. पण तो भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झपेक्षा लांब पोहोचतो, आणि अनेक स्वस्त कॅमेरे, प्रिंटर व स्मार्ट प्लग केवळ त्याच्यावरच चालतात.

‘राउटर रात्रभर चालू ठेवल्यास कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले आहे,’ हे विधान धादांत चुकीचे आहे. त्या संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना ‘२बी’ गटात, म्हणजे पुरावा मर्यादित असल्याने शक्यता नाकारता येत नाही अशा गोष्टींत, ठेवले. याच गटात आज कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. रात्री राउटर बंद करायचा तर खुशाल करावा, पण त्यासाठी हा दाखला देऊ नये.

राहिला ‘फायबर काढा, ५जी वायरलेस घ्या’, म्हणजे मोबाइल टॉवरवरून घरचे इंटरनेट घ्या, हा मुद्दा. फायबर पोहोचतच नाही तिथे तो पर्याय चांगला आहे. मात्र त्याची क्षमता परिसरातल्या मोबाइल ग्राहकांत वाटली जाते. त्यामुळे चालू असलेली फायबर जोडणी तोडण्यापूर्वी शेजारच्या घरी त्या सेवेचा वेग रात्री नऊच्या सुमारास मोजून पाहावा, दुपारी दोनला नव्हे.