महाडला त्या दिवशी हात का उचलला नाही

परवा रात्री भाच्याशी फोनवर तासभर वाद झाला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे लिहितेय. लांब झालंय, वेळ असेल तर वाचा.

त्याच्या कॉलेजात एका मित्राला जातीवरून बोलले, हॉस्टेलच्या मेसमध्ये, सगळ्यांसमोर. हा पेटलेला. म्हणाला, आत्या, अहिंसा वगैरे भाषणात ठीक आहे, ह्यांना एकदा चांगलं बदडून काढलं की आपोआप शांतता होते. मला त्याचा राग कळतो, मी त्याला गप्प बस म्हटलं नाही आणि म्हणणारही नाही. मी फक्त विचारलं, २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर पुढे काय झालं? तर त्याला माहीतच नव्हतं. आणि खरं सांगू, आपल्यातल्या बऱ्याच जणांना नसतं, आपली गोष्ट ओंजळीपाशीच संपते.

थोडं मागचं सांगते. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात पास झाला की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळं खुलं केलं. कागदावर सगळं झालं होतं आणि तरी तीन वर्षं अस्पृश्य मानलेल्यांपैकी कुणी तळ्यावर जाऊ शकलं नाही. १९ आणि २० मार्चला महाडला त्यांची परिषद भरली तेव्हा तिथे जमलेल्या हजारो माणसांसाठी ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं, शेजारी भरलेलं तळं असताना! आणि ह्या सगळ्या काळात गाव मात्र शांत होतं बरं का, मारामारी नाही, काही नाही. मला ह्या असल्या शांततेची चीड येते. आजही कुणी जातीचा विषय काढला की लगेच म्हणतात कशाला वातावरण बिघडवता, तेव्हा मला ते ४० रुपये आठवतात.

तर २० तारखेला लोक रांगेने तळ्यावर गेले, पाणी प्यायले, रांगेनेच परत आले. आणि मग गावात अफवा उठली की आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव परिषदेच्या मंडपात शिरला, माणसं जेवत होती, काही गावाकडे निघायच्या तयारीत होती, त्यांना मारलं, अन्न मातीत कालवलं. रस्त्यात एकटीदुकटी गाठून मारली. काही जणांना मुसलमान घरांनी आत घेतलं म्हणून वाचले.

बाबासाहेब डाक बंगल्यावर होते. तिथे शंभरेक माणसं जमली, डोळ्यांत रक्त उतरलेलं, आणि ह्या परिषदेला आलेल्यांत पलटणीत नोकरी करून आलेले पेन्शनर होते, लढाई म्हणजे काय ते त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. एका शब्दाची वाट बघत होते. बाबासाहेबांनी शब्द दिला नाही. हात उचलायचा नाही म्हणाले, आणि त्या माणसांनी ऐकलं.

मी ह्या जागेवर नेहमी अडकते. ज्याला मारताच येत नाही त्याने मारलं नाही ह्यात काय आलं? इथे मारता येणारी माणसं होती, हातात जोर होता, कारण होतं, आपल्याच माणसांचं रक्त समोर होतं. मला वाटतं त्या दिवशी उलट हल्ला झाला असता तर महाड म्हणजे एक दंगल म्हणून नोंदलं गेलं असतं, दोन्ही बाजूंना सारखं धरलं असतं आणि पाण्याचा प्रश्न बाजूलाच राहिला असता. झालं काय, तर खटला हल्लेखोरांवर चालला, त्यांच्यातल्या काहींना सजा झाली, आणि तळ्याचा प्रश्न तळ्याचाच राहिला.

भाचा म्हणाला, मग पुढे लगेच न्याय मिळाला का? नाही मिळाला. गावाने १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं. नगरपालिकेने स्वतःचाच ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये लोक पुन्हा जमले, जेलमध्ये जायच्या तयारीने आले होते, पण कोर्टाचा मनाई हुकूम होता म्हणून सत्याग्रह थांबवला. हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला, दहा वर्षांना तीन दिवस कमी. हे वाचताना मला आजही टोचतं आणि ते टोचायलाच पाहिजे. म्हणून ज्यांनी कधी चापटही खाल्लेली नाही त्यांनी मार खाणाऱ्याला अहिंसा शिकवू नये असं माझं स्पष्ट मत आहे, ते ज्याचं त्याने ठरवायचं. बाबासाहेबांनी काही अहिंसेचा जप केला नाही, २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत तर ते म्हणाले की आता सनदशीर मार्ग उघडलाय, तेव्हा रक्तरंजित मार्गाबरोबर सत्याग्रहही सोडा. आणि मरणाच्या पंधरा दिवस आधी काठमांडूला बुद्ध की मार्क्स ह्यावर बोलले तेव्हाही मुद्दा तोच, सक्तीने आणलेला बदल सक्ती उठली की टिकत नाही, माणसाचं मन बदललं तर टिकतो.

मी नववीत असताना वडील मला महाडला घेऊन गेले होते. पायऱ्या उतरताना चप्पल हातात घेतली, ओंजळभर पाणी प्यायले आणि ओला हात माझ्या डोक्यावरून फिरवला. काही बोलले नाहीत. परतीच्या एसटीत झोपून गेले.

काल भाच्याचा पुन्हा फोन आला. तो आणि मित्र कॉलेजात लेखी तक्रार देणार आहेत, मेसमधली दोन पोरं साक्षीदार म्हणून सही करायला तयार झालीत. मला ड्राफ्ट पाठवला तपासायला, मी शुद्धलेखन बघून दिलं. शेवटी 'कारवाई करावी ही नम्र विनंती' असं होतं. त्याने विचारलं, आत्या, नम्र विनंती काढू का? मी म्हटलं काढ.