‘त्यांच्यानंतर’ म्हणजे केवळ मृत्यूनंतर नव्हे

वडील हयात असेपर्यंत आई अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) मुलाची नैसर्गिक पालक, म्हणजे कायद्याने आपोआप ठरणारी पालक, होत नाही, हे तुमच्या लेखातील विधान चुकीचे आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ मध्ये ‘वडील आणि त्यांच्यानंतर आई’ असे म्हटले असले, तरी गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच ‘त्यांच्यानंतर’चा अर्थ ‘त्यांच्या अनुपस्थितीत’ असा लावला, आणि वडिलांची मुलाबाबतची पूर्ण उदासीनताही त्यात धरली.

याच समजुतीतून भाचीचे खाते उघडताना बँकेने वडिलांच्या सहीच्या रिकाम्या चौकटीभोवती पेन्सिलने गोल करून माझ्या बहिणीचा अर्ज दोनदा परत केला. सहा वर्षांत मुलीची साधी चौकशीही न करणाऱ्या माणसाच्या दारी बहिणीला सहीसाठी जावे लागले. कृपया हे विधान दुरुस्त करावे.